मांडीतली गाठ (सार्कोमा) काढल्यावर पायात ताकद किती उरते? लाईनमन भावासाठी विचारतोय

वारणाकाठ:

नमस्कार मंडळी. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला आण्णा म्हणतो. वय ४६, वीज कंपनीत लाईनमन. उजव्या मांडीला पुढून-बाहेरच्या अंगाला गाठ आली. दिवाळीच्या सुमारास पहिल्यांदा हाताला लागली. दुखत नव्हती, त्यामुळे खांबावर चढताना कधीतरी मुका मार बसला असेल असं आण्णाला वाटलं. शिमग्यापर्यंत त्या मांडीला पॅन्ट घट्ट व्हायला लागली. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी दाबून बघितलं आणि म्हणाले, चरबीची गाठ आहे, अर्ध्या तासाचं काम, उद्या उपाशीपोटी या. आमची मामेबहीण नर्स आहे. ती फोनवर ओरडलीच, एमआरआय झाल्याशिवाय कुणाला ब्लेड लावू देऊ नका म्हणून.

एमआरआयमध्ये ११ सेंटीमीटरची गाठ निघाली, स्नायूच्या आत, मांडीच्या हाडाला टेकलेली. मग मुंबईला नेलं. तिथं जाड सुईने तुकडा काढला. रिपोर्टमध्ये लिहिलंय: अनडिफरन्शिएटेड प्लिओमॉर्फिक सार्कोमा, हाय ग्रेड. म्हणजे स्नायू-चरबीसारख्या मऊ भागातला कॅन्सर, जोरात वाढणारा. छातीचा सीटी स्वच्छ आहे. त्यांनी सांगितलंय की आधी २५ दिवस लाईट (रेडिएशन) द्यायची, मग महिना-दीड महिना थांबून ऑपरेशन. ओपीडीत गर्दी तुफान. डॉक्टर एवढंच म्हणाले, "पाय वाचेल, दोन स्नायू जातील."

आता घरात हे चाललंय. चुलते म्हणतात, पाय ठेवला तर परत उगवणार, एकदाच कापून मोकळे व्हा. आई रडते. वहिनी एकच विचारते, दोन स्नायू गेल्यावर माणूस उभा तरी राहील का? आण्णा काही बोलत नाही, पण परवा अंगणात एकटाच डाव्या पायावर उठबशा काढत होता. पाय ठेवण्यात जिवाला जास्त धोका आहे का? आणि पाय राहिला तर त्याला काय काय करता येईल? जिना, मोटारसायकल, मांडी घालून जेवायला बसणं. खांबाचं तर मी विचारतही नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

गोदाघाट:

भाऊ, माझी गाठ डाव्या मांडीच्या आतल्या बाजूला होती, मिक्सॉइड लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीच्या पेशींचा सार्कोमा. आतल्या बाजूचे, म्हणजे दोन मांड्या जवळ आणणारे स्नायू बरेचसे गेले. मी शाळेत शिकवते, दिवसभर उभी असते. चालताना आता कुणाच्या लक्षातही येत नाही. आतल्या बाजूचे स्नायू गेले तरी चालण्याचं फारसं अडत नाही, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर किती रात्री झोप लागली असती.

त्रास झाला तो जखमेचा. आत पाणी साठत राहिलं, नळी घरी घेऊनच जावं लागलं, आणि टाक्यांची एक कड बरेच दिवस ओली होती. नंतर पायाला सूज. सकाळी उठल्या उठल्या, पाय जमिनीला लावायच्या आधी दाबाचा मोजा चढवते. एकदा पायावर सूज आली की मग तो चढतच नाही. आण्णांची गाठ पुढच्या बाजूला आहे, तिथला हिशेब वेगळा असतो. मिरजेच्या फिजिओताई इथे लिहितात, त्या सांगतील. वहिनींना सांगा, मी रोज दोन मजले चढते.

फिजिओ_मिरज:

मी फिजिओथेरपिस्ट. मुंबईत कॅन्सरच्या रुग्णांसोबत बरीच वर्षं काम केलं, आता मिरजेत आहे. जरा लांबण लावते, कारण हा प्रश्न मला फार जवळचा आहे.

आधी चुलत्यांची शंका. ती खुळी नाही, एके काळी डॉक्टरही तसंच म्हणत. १९७० च्या दशकात अशा गाठींना पाय खुब्यापासून काढणं हाच खात्रीचा उपाय धरला जायचा. मग अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत याचीच परीक्षा झाली. ४३ रुग्ण. चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी करून १६ जणांचा हात किंवा पाय काढला, २७ जणांचा ठेवून गाठ काढली आणि लाईट दिली. १९८२ साली निकाल छापून आला. अवयव ठेवलेल्यांपैकी चौघांना त्याच जागी गाठ परत आली, काढलेल्यांत कुणालाही नाही. पण ५ वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण अवयव ठेवलेल्यांत ८३ टक्के, काढलेल्यांत ८८ टक्के. एवढ्या थोड्या माणसांत याला फरक म्हणत नाहीत. कारण या आजारात जीव जातो तो बहुतेक वेळा फुप्फुसात पसरल्यामुळे, आणि ते पाय कापल्याने थांबत नाही. चुलत्यांना हे आकडे वाचून दाखवा. आजही पाय काढावा लागतो, पण तो मुख्य नस, रक्तवाहिनी, हाड सगळंच एकदम गाठीत गुरफटलं असेल तेव्हा. आण्णांचं तसं दिसत नाही.

तुमच्या मामेबहिणीने मोठं काम केलंय. ५ सेंटीमीटरहून मोठी, किंवा खोल, किंवा वाढत जाणारी गाठ एमआरआयशिवाय आणि तुकडा तपासल्याशिवाय काढायची नाही, हा नियम आहे. तशी काढली की गाठीच्या पेशी चिरलेल्या प्रत्येक थरात सांडतात. मग दुसऱ्या ऑपरेशनमध्ये ती सगळी जागा काढावी लागते, आणि जे स्नायू वाचले असते तेही जातात. सुईची वाटसुद्धा पुढे चीर कुठे येणार ते बघून ठरवतात, कारण ती वाट गाठीसोबतच काढून टाकायची असते. म्हणून तुकडा ऑपरेशन होणार तिथेच काढलेला बरा. तुमचं तसंच झालंय, ते चांगलं झालं.

आता पायाचं. "किती काढणार" हे सगळे विचारतात. तुम्ही सर्जनना विचारा, "काय उरणार?" पायाचं पुढचं आयुष्य उरलेल्यावर चालतं.

मांडीच्या पुढच्या बाजूला क्वाड्रिसेप्स. नावाप्रमाणे चार भाग: मधोमध वरून रेक्टस फीमोरिस, आतल्या बाजूला व्हास्टस मीडिअ‍ॅलिस, बाहेरच्या बाजूला व्हास्टस लॅटरॅलिस, आणि हाडाला लागून खाली दडलेला व्हास्टस इंटरमीडियस. चौघं मिळून गुडघ्याच्या वाटीला धरतात, आणि वाटीखालचा पट्टा नडगीच्या हाडाला. मोटेच्या चाकावरून नाडा जावा तशी वाटीवरून ही ओढ फिरते आणि गुडघा सरळ होतो. चौघांनाही चालवणारी नस एकच, फीमोरल नर्व्ह, पण प्रत्येकाकडे तिची वेगळी फांदी जाते. तुमच्या वर्णनावरून लॅटरॅलिस आणि इंटरमीडियस जाणार असं वाटतं. लॅटरॅलिस चौघांत सगळ्यात मोठा, म्हणजे ताकद नक्की कमी होणार. पण रेक्टस आणि मीडिअ‍ॅलिस त्यांच्या नसेच्या फांदीसकट राहिले, तर सपाटीवर माणूस काठीशिवाय चालतो. मी असे रुग्ण चालवलेत. अवघड जातं ते उतरणं. जिना उतरताना, उतारावर, एसटीच्या शेवटच्या पायरीवरून खाली पाय टाकताना. तेव्हा वाकलेल्या गुडघ्यावर वजन येतं आणि कमजोर क्वाड्रिसेप्स ते तोलू शकत नाही, गुडघा एकदम दुमडतो. जमिनीवरून उठतानाही तेच.

चौघंही गेले तरी हात टेकायचे नसतात. मागच्या बाजूचे हॅमस्ट्रिंग पुढे आणून वाटीला जोडतात. काही ठिकाणी पाठीचा मोठा स्नायू, लॅटिसिमस डॉर्सी, त्याच्या रक्तवाहिनी आणि नसेसकट काढून मांडीत बसवतात आणि नस फीमोरलच्या तुटलेल्या फांदीला शिवतात. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, म्हणून तो स्नायू हलायला महिनोन् महिने लागतात. हे काम प्लास्टिक सर्जनचं. गरज पडणार असेल तर ते पहिल्याच ऑपरेशनला हजर हवेत, म्हणून आधी विचारून ठेवायचं.

सर्जन गाठीला हात न लावता सगळ्या बाजूंनी निरोगी मांसाचा थर ठेवून ती बाहेर काढतात. पण मध्ये स्नायूचं जाड आवरण किंवा नसेचं वेष्टण असेल तर पातळ थरही चालतो, कारण त्यातून गाठ सहजी घुसत नाही. म्हणून नस गाठीला टेकलेली दिसली तरी पुष्कळदा नुसतं वेष्टण सोलून ती वाचवता येते. रक्तवाहिनी गुरफटली असेल तर तेवढा तुकडा काढून दुसऱ्या पायाची शीर तिथे जोडतात.

लाईट आधी का, तर कॅनडात यावर मोठा अभ्यास झाला, त्याचा निकाल २००२ साली छापून आला. आधी दिली तर ५० ग्रे (ग्रे म्हणजे लाईटची मात्रा मोजायचं माप), २५ वेळा. नंतर दिली तर ६६ ग्रे, आणि तीही जास्त मोठ्या भागावर. आधी दिलेल्यांत जखमेची कटकट दुप्पट होती, ३५ टक्के विरुद्ध १७ टक्के. पण दोन वर्षांनी पाहिलं तर मांस कडक होणं आधीवाल्यांत कमी होतं, साधारण ३१ टक्के, तर नंतरवाल्यांत ४८. जखम उशिरा का होईना भरते. कडक झालेली मांडी मात्र पुन्हा मऊ होत नाही, आणि गुडघा वाकणं तिच्यावरच अवलंबून असतं. ज्याला पायाकडून काम करून घ्यायचंय त्याच्यासाठी मला आधीचा क्रम पटतो. गोदाघाट ताईंनी सांगितलेली ओली जखम आण्णांनाही होऊ शकते. तेव्हा घाबरून गावातल्या कुणाला टाके उघडायला लावू नका, मुंबईला फोन करा.

आजपासून करायचं ते असं. पलंगावर पाय पसरून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची. वाटी वरच्या दिशेला सरकताना दिसली पाहिजे. त्या वेळी आण्णांनी स्वतःचं बोट वाटीच्या वर, आतल्या बाजूला ठेवावं. तिथे जो फुगवटा टणक होतो तो व्हास्टस मीडिअ‍ॅलिस, उद्या त्याच्यावरच भिस्त आहे. दिवसातून चार-पाचदा, दुखेपर्यंत नाही. डाव्या पायाच्या उठबशा ते काढतातच, त्या चालू राहू द्या. वहिनींना सांगा की नवऱ्याला बरोबर तेच सुचलंय. कुबड्या आत्ताच आणा आणि त्यांवर चालणं, दार उघडणं, संडासाला जाणं हे ऑपरेशनच्या आधी शिकून घ्या. टाके ओले असताना शिकायला फार जड जातं. आणि हात जोडून सांगते, गाठीला चोळायचं नाही, तेल नाही, शेक नाही, कुणाच्या लेपाची पट्टी नाही. लाईट चालू असताना त्या कातडीला डॉक्टरांनी दिल्याशिवाय काहीही लावायचं नाही.

मांडी घालून बसण्याचं आत्ता वचन देत नाही. त्याला गुडघा भरपूर वाकावा लागतो, आणि ते जखम भरल्यावरच कळेल. परदेशात पायाचं काम मोजायला टोरांटोत तयार झालेली टेस नावाची प्रश्नावली वापरतात. मोजे घालणं, जिना चढणं, गाडी चालवणं असे त्यात प्रश्न असतात. मी माझ्या रुग्णांना त्याखेरीज आपल्याकडचं विचारते: पाटावरून हात न टेकता उठता येतं का, उकिडवं बसता येतं का, एसटीत चढता येतं का. घरात कमोडची खुर्ची आणून ठेवा, पहिले काही महिने लागेलच.

माळरान:

माझ्या वडिलांचं मांडीच्या मागच्या बाजूचं होतं. मोठी सायाटिक नस गाठीच्या आतून गेलेली, त्यामुळे तीही काढावी लागली. आम्हाला वाटलं संपलं. पण ते चालतात, नगर जिल्ह्यात शेतात जातात. पाऊल खाली लोंबतं म्हणून पोटरीमागून तळव्याखाली जाणारा प्लास्टिकचा पट्टा बुटात घालतात.

एक सांगतो, कुणी आधी सांगत नाही. तळव्याला काही कळत नाही. पहिल्या उन्हाळ्यात चप्पल पायातून निसटली ती त्यांना समजलीच नाही, तसेच तापलेल्या मुरमावरून बांधापर्यंत गेले. तळव्याला भाकरीएवढा फोड. तेव्हापासून मागून पट्टा असलेला बूट, आणि रोज रात्री आई बॅटरी धरून तळवा बघते. आण्णांची नस मागची नाही, तरी लाईटच्या जागेला बधिरपणा आला तर गरम पाण्याची पिशवी वगैरे जपून.

वारणाकाठ:

ताई, तुमचं सगळं आण्णाला वाचून दाखवलं. चुलतेही शेजारी बसून ऐकत होते, नंतर म्हणाले ठीक आहे, पाय ठेवू. आण्णाने तिथल्या तिथे टॉवेल मागितला.

लाईट सुरू झाली. परवा सर्जनना गाठून तुम्ही सांगितला तोच प्रश्न विचारला. थांबून कागदावर चित्र काढून दिलं त्यांनी. लॅटरॅलिसचा बराचसा भाग आणि इंटरमीडियस जाणार. रेक्टस आणि मीडिअ‍ॅलिस राहतील, नसेची त्यांची फांदीही. मोठी रक्तवाहिनी लांब आहे. कातडी तशीच शिवता येईल. पण एक नवीन सांगितलं: हाडावरचं आवरण वीतभर सोलावं लागेल, आणि पुढे हाड मोडण्याची जोखीम आहे, कदाचित आत रॉड घालू. गाठ हाडात गेलेली नाही म्हणाले, मग हाड का मोडेल?

आणि नोकरीचं. ऑफिसमधले कुणीतरी म्हणाले, खांबावर चढता येत नसेल तर घरी बसावं लागेल. तेव्हापासून आण्णा पुन्हा गप्प झालाय.

फिजिओ_मिरज:

चित्र काढून देणारे सर्जन मिळाले, तो कागद जपून ठेवा. पुढे जो कुणी फिजिओ आण्णांना बघेल, त्याला डिस्चार्ज कार्डाइतकाच उपयोगी पडेल.

हाडाचं असं. हाडाच्या बाहेरच्या भागाला रक्त मिळतं ते बरंचसं त्या आवरणातून. गाठ हाडाला टेकली की आवरण गाठीसोबत काढतात, तोच गाठीच्या बाजूचा शेवटचा निरोगी थर असतो. वर लाईटने हाडाच्या पेशींची दुरुस्ती करायची शक्ती कमी केलेली असते. दोन्ही एकत्र आलं की हाड दिसायला धड असतं पण ठिसूळ होतं, आणि कधीकधी काही वर्षांनी साध्या ठेचेनेही मोडतं. असं मोडलेलं हाड जुळायला फार त्रास देतं, म्हणून काही जणांना आधीच रॉड घालतात. धोका बायकांना, वय वाढलेल्यांना आणि ६० ग्रेच्या वर लाईट घेतलेल्यांना जास्त. आण्णांना ५० आहे, हे त्यांच्या बाजूचं. रॉडचा निर्णय सर्जनवर सोडा. तुम्ही एवढंच करा, की पुढे कितीही वर्षांनी त्या मांडीत वजन टाकल्यावर नवं दुखणं सुरू झालं, तर "स्नायू दुखतोय" म्हणून मलम चोळत बसू नका, त्याच दिवशी एक्स-रे काढा. छातीची तपासणी पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी असेल. तारीख चुकवू नका, गाडीभाड्याची अडचण असेल तर रुग्णालयाच्या समाजसेवकांना भेटा, त्यासाठीच ते असतात.

ऑपरेशननंतर गुडघा सरळ धरणारा ब्रेस मिळेल. वाकवायला केव्हा सुरुवात करायची ते जखम बघून सर्जन सांगतील, तोवर घाई नको. घोटा मात्र पहिल्या दिवसापासून वरखाली हलवत राहायचा. कुबड्यांवर जिना चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा आधी. ब्रेस निघाल्यावर पाय पसरून उचलताना टाच उचलली जाते पण गुडघा थोडा वाकलेलाच राहतो, असं दिसेल. तो शेवटचा वाक भरून काढायलाच सगळ्यात जास्त दिवस लागतात, आणि तो भरला नाही तर चालताना गुडघा दगा देतो. तिथे कंटाळून सोडू नका. मोटारसायकल जमेल असं मला वाटतं, पण मागचा ब्रेक उजव्या पायाने मारायचा असतो. गुडघ्यावर पूर्ण भरवसा आल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नये. कायमचा ब्रेस लागलाच तर मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे मापाने करून देतात.

खांबावर त्यांनी चढू नये, हे मी स्पष्टच सांगते. वर एका गुडघ्यावर तोलून दोन्ही हात कामात असतात. तिथे गुडघा दुमडला तर काय होईल, ते आण्णांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पण घरी बसावं लागेल हे खोटं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम २०. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर शासकीय आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावरही ढकलता येत नाही. आधीचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं, आणि तसं पद रिकामं नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पदावर ठेवावं लागतं. सरकारी कंपन्याही यात येतात. आण्णा कायम कर्मचारी आहेत ना? असतील तर ऑफिसमधल्या कुणाच्या तोंडी बोलण्यावर कुठलाही राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्तीचा कागद सही करू नका. आत्ता वैद्यकीय रजेचा अर्ज, तुकड्याचा रिपोर्ट जोडून, आवक शिक्का मारून पोच घ्या. ऑपरेशननंतर पायाची ताकद स्थिर झाली की जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला, आणि तो जोडून पद बदलून मिळण्याचा अर्ज. सबस्टेशनला ऑपरेटरची, मीटर चाचणीची, स्टोअरची कामं असतात, त्यातलं कुठलं आवडेल ते आण्णांनाच विचारा. लाईट संपली की इथे कळवा, कुबड्यांची उंची बरोबर आहे का ते फोटोवरून बघून सांगते.